पायाखाली कोळसा, डोक्यावर कोळसा: पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट कसा काढत

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा आहे. सुट्टीत त्यांनी मुलांना स्क्रँटनची जुनी कोळसा खाण दाखवली. गाइड म्हणाला, की अँथ्रासाइट या कठीण कोळशाच्या खाणीत माणसं फोडलेल्या कोळशावरच उभी राहून पुढचा कोळसा फोडत आणि माल आपोआप खाली घसरत येई. पण त्यांनी पाहिलेली खाण तर बरीचशी सपाट होती, रूळ थेट आतपर्यंत गेलेले. मग खरं काय? आणि चंद्रपूरकडे कोळसा काढतात त्याहून ही रीत वेगळी होती का?

गाइडही खरं बोलला आणि तुमचे डोळेही खोटं बोलले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्याच्या अंतरावर, एकाच शतकात, एकोणिसाव्या, चालू होत्या. फरक थराच्या उताराचा.

आधी माझ्याविषयी दोन ओळी. माझी ३३ वर्षं भूमिगत कोळसा खाणींत गेली. बहुतेक वर्धा खोऱ्यात, काही पेंच-कन्हानच्या बाजूला, शेवटची वर्षं मॅनेजर म्हणून. अँथ्रासाइट मी स्वतः एक टबभरही (टब म्हणजे खाणीतला डबा) काढलेला नाही, कारण आपल्याकडे तो काढण्याजोगा जवळजवळ नाहीच. मुलगी तिकडे असते म्हणून दोनदा त्या भागात गेलो, खाणी पाहिल्या, आणि नंतर जुने नकाशे, इन्स्पेक्टरांचे अहवाल वाचायची सवयच लागली. खाणवाल्याला दुसऱ्याची खाण पाहताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की इथे माल उतरतो कसा आणि हवा चढते कशी. त्याच दोन प्रश्नांना धरून लिहितो.

अँथ्रासाइट हा आपल्या ओळखीचा कोळसा नव्हे. चंद्रपूरचा कोळसा हातात घेतला की बोटं काळी होतात, दोन पावसाळे उघड्यावर पडला की भुगा होतो. अँथ्रासाइट चकचकीत आणि कठीण, हाताला जवळजवळ डाग न लावणारा. त्यात कार्बन ८६ टक्क्यांच्या वर आणि बाष्पशील भाग फार थोडा. म्हणून तो पेटायला महाहट्टी, पण एकदा पेटला की धूर नाही आणि आच लांबवर टिकते. सुरुवातीला लोकांना तो पेटवताच येईना. विल्क्स-बॅरचे जेसी फेल यांनी ११ फेब्रुवारी १८०८ रोजी आपल्या खानावळीतल्या चुलाण्यात लोखंडी जाळीवर तो जाळून दाखवला, खालून हवा मिळाली की हा दगड भात्याशिवाय पेटतो म्हणून. पुढचा सगळा धंदा त्या जाळीवर उभा राहिला.

या स्वभावातून खाणीसाठी दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे हा कोळसा कुदळीला दाद देत नाही. ब्रिटनमध्ये किंवा त्याच पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला, मऊ कोळशाच्या खाणीत, कामगार कुशीवर आडवा होऊन थराच्या बुडाशी खाच पाडी, मग वरचा कोळसा बारीकशा सुरुंगाने पाडी. अँथ्रासाइटमध्ये अशी खाच पाडत बसलं तर दिवस जाईल आणि कुदळ बोथट होईल. तिथे खाच न पाडता अखंड भिंतीलाच सुरुंग लावत. शतक संपेपर्यंत मऊ कोळशाच्या खाणींत खाच पाडणारी यंत्रं शिरली होती, पण अँथ्रासाइटवाले मात्र भोक पाडणं, दारू ठासणं यावरच होते. दुसरी गोष्ट बाजाराची. जाळीवर जळायचा तर खडे एकसारखे हवेत, म्हणजे मधून हवा खेळते. त्यामुळे खाणीतून निघालेला माल जसाच्या तसा विकता येईना. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

आता जमिनीकडे वळू. ईशान्य पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइटची चार क्षेत्रं आहेत. उत्तरेचं क्षेत्र स्क्रँटन, विल्क्स-बॅरचं. मधली दोन हेझल्टन आणि शेनान्डोआच्या बाजूची. दक्षिणेचं पॉट्सव्हिल, टमाक्वाचं. अ‍ॅपलेशियन डोंगर तयार होताना ही जमीन गालिचा ढकलल्यासारखी दुमडली. उत्तरेला घड्या सैल आहेत, थर उथळ होडीच्या बुडासारखा पसरट. दक्षिणेला त्या इतक्या आवळल्या की थर ४०, ६०, ९० अंशांत उभे राहिले, कुठे कुठे तर उलटले. त्यात मॅमथ नावाचा थर, काही ठिकाणी ४०-५० फूट जाड. आपल्याकडे वर्धा खोऱ्यातही जाड थर आहेत, पण ते निजलेले. ५० फुटांचा थर उभा राहिला तर काय करायचं, हा प्रश्न माझ्या नोकरीत मला कधी पडला नाही, आणि देवाची कृपा म्हणायची.

सुरुवातीची रीत मात्र विहीर खणण्यासारखीच होती. थर जिथे जमिनीवर डोकावतो तिथे खड्डा करायचा, वर रहाट बसवायचा, टोपलीने कोळसा ओढायचा. ३०-४० फुटांवर पाणी लागलं की तो खड्डा सोडून शेजारी दुसरा. दक्षिण क्षेत्रातल्या समिट हिलला तर थर इतका जाड आणि इतका वर होता की माती बाजूला करून दगडाच्या खाणीसारखा उघड्यावरच काढला. तिथे १७९१ मध्ये फिलिप गिंडर नावाच्या माणसाला तो सापडला होता. पण डोंगरातून शहरापर्यंत नेण्याची सोय नव्हती. जोसाया व्हाइट आणि अर्स्किन हॅझर्ड यांनी लीहाय नदी बांधबंदिस्ती करून होड्यांजोगी केली, तेव्हा १८२० मध्ये पहिल्या हंगामात खाली गेला तो ३६५ टन. शतक संपताना सगळ्या क्षेत्रांचं मिळून वर्षाचं उत्पादन ५ कोटी टनांच्या वर गेलं होतं. या ८० वर्षांत रीत बदलली नसती तरच नवल.

पहिली सुधारणा डोंगराच्या कुशीतून आडवा बोगदा मारण्याची. दरीच्या पातळीवरून थरात शिरायचं, म्हणजे पाणी आपोआप बाहेर वाहतं आणि भरलेले डबेही. पाण्याच्या पातळीवरचा हा कोळसा संपत आला तसं थराच्या उताराबरोबर खाली उतरणारे मार्ग आले. आपण ज्याला इनक्लाइन म्हणतो तेच. तोंडाशी वाफेचं इंजिन, त्यावर दोर. मग शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखे खोल उभे मार्ग. पॉट्सव्हिलला १८७० च्या दशकात सुमारे १६०० फूट खोल शाफ्ट उतरवले गेले आणि धंद्याच्या दृष्टीने ते अपेशी ठरले, कारण खाली थर अपेक्षेएवढा मिळाला नाही. कागदावरचा थर आणि खालचा थर यांत हा फरक पडतोच. आमच्याकडेही बोअरहोलवर विसंबून काढलेल्या गॅलऱ्या, म्हणजे आतले रस्ते, भ्रंशावर जाऊन आपटलेल्या मी पाहिल्यात.

खाली उतरल्यावर थराच्या पातळीत, म्हणजे उताराला आडवा, मुख्य रस्ता काढत. त्याला ते गँगवे म्हणत. तो दिसायला सपाट, पण १०० फुटांत साधारण सहा इंच एवढा आतल्या बाजूला चढता ठेवत. भरलेला डबा बाहेर येताना हलका जावा, रिकामा आत नेताना खेचराला जड पडू नये आणि पाणी नालीतून आपोआप बाहेर यावं, एवढा सगळा हिशेब त्या सहा इंचांत. दोन खांब आणि वर आडवं लाकूड अशा चौकटी ओळीने. खेचरं खालीच तबेल्यात राहत. त्यांना हाकणारी पोरं, दारं उघडणारी त्याहून लहान पोरं. ती दारं हवेसाठी असतात. दार उघडं राहिलं तर हवा जवळच्या वाटेने पळते आणि आतला माणूस गुदमरतो. आठ-दहा वर्षांचं पोर त्या अंधारात दिवसभर एका दाराशी बसून असे.

या गँगवेच्या वरच्या अंगाला, थराच्या चढाच्या दिशेने, ठरावीक अंतराने खोल्या काढत जायचं. उत्तरेत त्याला चेंबर म्हणत, दक्षिणेत ब्रेस्ट. रुंदी साधारण २४ ते ३० फूट, लांबी २०० ते ३०० फूट, आणि दोन खोल्यांच्या मध्ये अखंड कोळशाचा खांब, म्हणजे पिलर. इथपर्यंत आपल्या बोर्ड अँड पिलरचीच, म्हणजे खोल्या काढून खांब ठेवायच्या रीतीचीच, ती चुलत बहीण. इथून पुढे मात्र उतार सगळं ठरवतो.

उतार थोडका असेल तर रूळ थेट खोलीत नेता येतात, खेचर डबा तोंडापर्यंत, म्हणजे कोळसा फोडतात तिथपर्यंत, आणतं, मजूर फावड्याने भरतो. स्क्रँटनला तुम्ही जे पाहिलं ते हेच. उतार वाढला की खेचर चढत नाही, भरलेला डबा सुटला तर कुणाचा तरी जीव घेतो. तेव्हा छोट्या गाड्यांनी माल गँगवेपर्यंत आणत. साधारण २० अंशांवर गेलं की लोखंडी पत्रे अंथरले की कोळसा त्यावरून घसरतो. ३०-३५ च्या पुढे पत्राही नको, दगडी तळावरूनच तो सुटतो. आणि इथे प्रश्न उलटा होतो. माल खाली आणायचा कसा, हा प्रश्नच राहत नाही. माल आणि माणूस दोघांना वर अडवून ठेवायचं कसं, ही चिंता.

त्याचा तोड त्यांनी काढला तो मला आजही डोकेबाज वाटतो. खोलीच्या बुडाशी, गँगवेच्या थोडं वर, जाडजूड ओंडके तळात आणि छतात खाचा करून आडवे ठोकत. ही झाली बॅटरी. मधे एक फट, तिला फळ्या. कामगार वर सुरुंग लावतो, कोळसा फुटतो आणि बॅटरीवर येऊन साठतो. आता अखंड कोळसा फुटला की पूर्वीपेक्षा जवळपास दीडपट जागा व्यापतो. म्हणजे तेवढाच वाढावा खालून काढायचा, अंदाजे एक तृतीयांश. बाकी दोन तृतीयांश तसाच भरून ठेवायचा. त्या भरलेल्या ढिगाच्या माथ्यावर कामगार उभा. ५० अंशांच्या उभ्या खोलीत, ४० फूट जाड थरात, मचाण कोण बांधणार? कोळसाच मचाण. जसजसं वर फोडत जाईल तसतसा ढीग वर सरकतो आणि तोही ढिगाबरोबर वर. तुमच्या गाइडने सांगितलं ते हे.

वर जायला वाट हवी, हवाही हवी. त्यासाठी खोलीच्या दोन्ही भिंतींना तिरपे खांब टेकवून त्यांवर फळ्या मारत. कोळशाचा ढीग फळ्यांच्या या बाजूला राहतो, पलीकडे भिंतीलगत एक तिकोनी पोकळी मिळते, माणूस वाकून चढेल एवढी. एका बाजूच्या पोकळीतून हवा वर, तोंडावरून फिरून दुसरीतून खाली. कामगार याच वाटेने दारू, अवजारं, लाकूड घेऊन रोज चढे. खांद्यावर ओंडका घेऊन ३०० फूट असं चढणं म्हणजे काय, ते मी लान्सफर्डच्या जुन्या खाणीत अशा एका वाटेच्या तोंडाशी उभा राहून वर पाहिलं तेव्हा कळलं. माझ्याच्याने २० फूटही झालं नसतं.

यातला धोका वरून दिसत नाही. खाली बॅटरीवरचा माणूस फळी काढून माल सोडतो, पण आत कोळसा कधी कधी कमानीसारखा अडकतो. वरचा ढीग जागचा हलत नाही आणि खाली पोकळी होते. वरचा माणूस त्या पोकळ छपरावर उभा. ते केव्हा सुटेल सांगता येत नाही. दुसरा धोका मिथेनचा, म्हणजे पेट घेणाऱ्या वायूचा. तो हवेपेक्षा हलका, चढाच्या टोकाशी साठतो, आणि कामगाराचं डोकं नेमकं तिथे. आमच्याकडे नव्या सरदाराला, म्हणजे खाणीतली सुरक्षा तपासणाऱ्या मुकादमाला, पहिल्या आठवड्यात शिकवतात की चढावरच्या तोंडाशी दिवा हळूहळू वर न्यायचा, एकदम नाही. तिथे तर प्रत्येक खोलीच चढावरची.

आणि मजुरीचा पेच. डब्यावर मजुरी द्यायची तर दोन तृतीयांश कोळसा पायाखालीच अडकलेला, त्याचे पैसे खोली पूर्ण होईपर्यंत नाहीत. म्हणून अशा उभ्या खोल्यांत किती यार्ड पुढे गेला त्यावर मोजत.

कामगार हा शब्द मी सैलपणे वापरतोय. तो खरा तर ठेकेदारच होता. कंपनी त्याला खोली देई. तो आपला मजूर ठेवी, दारू आणि तेल पदरचं, अवजारं पदरची. दिवसाचा माल पुरेसा पाडला की दुपारीच घरी जाई, मजूर मागे राहून भरत बसे. फोरमन दिवसातून एकदा फिरकला तर फिरकला. खांब कुठे लावायचा, छत किती वेळ धरेल, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सुरुवातीला हे लोक बहुतेक वेल्श आणि इंग्लिश, मजूर आयरिश. पुढे पोलिश, लिथुआनियन, स्लोव्हाक, इटालियन आले. १८८९ च्या कायद्याने खाणकामगाराला सक्षमतेचा दाखला आणि त्याआधी दोन वर्षांची मजुरी सक्तीची झाली. कारण सुरक्षेचं, पण जुन्या लोकांना नव्यांना बाहेर ठेवायचंही होतं, हे लपून राहिलेलं नाही.

एक सुरुंग कसा लागे ते जवळून सांगतो, कारण यावरून त्या कामाचा बाज कळतो. लांब पोलादी पहारीने, तीच वर-खाली आपटत, पाच-सहा फुटांचं भोक पाडायचं. कठीण कोळशात याला तास-दीड तास सहज. १८८० नंतर हाताने फिरवायची स्क्रूची ड्रिल आली तेव्हा खांदे थोडे वाचले. मग पेटीवर बसून कागद लाकडी दांड्यावर गुंडाळायचा, साबणाने कडा चिकटवायची, दांडा काढून घ्यायचा. झाली पुंगळी. २५ पौंडांच्या पिंपातून काळी दारू त्यात ओतायची, तोंड दुमडायचं. हे करताना टोपीला तेलाचा उघडा दिवा जळत असे. शहाणा माणूस तो आधी काढून, वाऱ्याची दिशा बघून, दूर ठेवी. घाईत असलेला तसाच वाकून पिंपात बघे. इन्स्पेक्टरांच्या अहवालांत अशी प्रकरणं वर्षानुवर्षं येत राहतात आणि वाचताना दर वेळी मी मनात ओरडतो, अरे दिवा काढ.

पुंगळी भोकात सारताना तिच्यात लांब सुई खुपसलेली ठेवत. मग कोळशाचा भुगा, माती ठासायची, पहारीचं टोक तांब्याचं, ठिणगी उडू नये म्हणून. शेवटी सुई अलगद ओढली की दारूपर्यंत बारीक नळी मोकळी. तिच्या तोंडाशी दारू भरलेली कागदी वात ठेवायची, तिची शेपटी गंधकाची. शेपटी पेटवून ओरडत पळायचं. शेपटी जळेपर्यंतचा वेळ तुमचा. मग वात बाणासारखी नळीतून आत सुटते. आमच्या शॉटफायररला, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याला, एक्सप्लोडर (सुरुंग उडवायचं यंत्र), ठरलेलं अंतर, पहारा असं सगळं असतं. शिवाय आमच्याकडे उघडी काळी दारू भूमिगत कोळशात आणायची म्हटलं तर नोकरी जाईल.

दारूचं पिंप कंपनीकडूनच घ्यावं लागे. शतकाच्या शेवटी कामगाराला ते पावणेतीन डॉलरला पडे आणि बाहेर दीड डॉलरच्या आसपास मिळे. १९०० च्या संपात हा मुद्दा वर आला आणि नंतर भाव दीडवर आला. टनाचंही तसंच. बाजारात टन २२४० पौंडांचा, पण कामगाराच्या मजुरीचा टन २७०० पौंडांपासून पुढे. कारण काय, तर त्यात दगड येतो. दगड येतोच, पण किती, हे ठरवणारा कारकून कंपनीचा.

खोल्या वरच्या टोकापर्यंत गेल्या की परतीचं काम, पिलर काढणं. आपण डिपिलरिंग म्हणतो, ते त्याला लूट म्हणत, आणि शब्द चुकीचा नाही. वरचा डोंगर ज्याच्यावर टेकला तोच खांब काढून घ्यायचा. पिलर आधीच बारीक ठेवले असतील तर काढायच्या आधीच भार येऊ लागतो. लाकडं करकरतात, बाजूच्या भिंतीतून कोळसा टणटण उडतो, जमीन फुगते. मी असिस्टंट मॅनेजर असताना एका पॅनेलमध्ये हा आवाज सलग दोन दिवस ऐकला. छत्तीसगडचा एक जुना सरदार होता, छताला ‘चाल’ म्हणायचा. तो म्हणाला, साहेब, चाल बोलतेय. वरून उत्पादनाचा दबाव होता, तरी तिसऱ्या दिवशी माणसं काढली. त्याच रात्री सगळं बसलं. त्या सरदाराने तोंड उघडलं नसतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे, म्हणून तो विषय मी फार बोलत नाही.

पिट्स्टनच्या ट्विन शाफ्टमध्ये २८ जून १८९६ च्या पहाटे उलट झालं. भार आलाय हे माहीत होतं. तो थोपवायला लाकडं लावण्यासाठीच माणसं खाली उतरवली, खाणीतले वरिष्ठही बरोबर. छत बसलं आणि ५८ जण गेले. मृतदेहसुद्धा निघाले नाहीत.

हवेचं सांगितल्याशिवाय त्या शतकातली खाण कळणार नाही. पंखे यायच्या आधी शाफ्टच्या तळाशी भट्टी पेटवत. तापलेली हवा शाफ्टमधून वर जाते, दुसऱ्या वाटेने ताजी आत येते. तत्त्व अचूक. पण शाफ्ट एकच असेल तर त्यालाच मधोमध लाकडी पडदी घालून अर्ध्यातून हवा आत, अर्ध्यातून बाहेर. त्यावर कळस म्हणजे शाफ्टच्या तोंडावरच ब्रेकरची, म्हणजे कोळसा फोडून चाळायची, लाकडी इमारत. प्लिमथजवळच्या अ‍ॅव्हनडेल खाणीत ६ सप्टेंबर १८६९ रोजी शाफ्टच्या लाकडाने पेट घेतला, ज्वाळा वर ब्रेकरला भिडल्या, जळती इमारत शाफ्टमध्येच कोसळली. खाली १०८ माणसं आणि मुलं. आगीने मेले म्हणण्यापेक्षा हवेविना मेले. वाचवायला उतरलेले दोघे धरून ११०. दुसरी वाट असती तर बहुतेक चालत बाहेर आले असते. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, पेनसिल्व्हेनियाने कायदा केला. दोन वाटा सक्तीच्या, हवेची व्यवस्था, इन्स्पेक्टर, १२ वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली बंदी. आपल्याकडे दोन वाटांशिवाय कोळशाच्या खाणीत माणसं उतरवता येत नाहीत. हा नियम पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या, पण त्याच्या मागे अशी किती पोरं आहेत ते मला निवृत्तीनंतर कळलं.

एका बाबतीत मात्र अँथ्रासाइट दयाळू. त्याची धूळ स्फोट करत नाही, कारण बाष्पशील भाग फार थोडा. मऊ कोळशाच्या खाणीत धुळीचा एक स्फोट शेकडो माणसं नेतो, आम्ही म्हणूनच रस्त्यांत दगडाची भुकटी टाकतो. अँथ्रासाइटमध्ये स्फोट झाला तर तो मिथेनचा, आणि पसरला तर मिथेन असेल तिथपर्यंत. त्यासाठी फायर बॉस, म्हणजे वायू तपासणारा माणूस, पहाटे सगळ्यांच्या आधी डेव्ही दिवा (जाळीचा सुरक्षादिवा) घेऊन फिरे, ज्योतीवर निळी टोपी, म्हणजे मिथेनची खूण, दिसते का बघे आणि तपासलेल्या जागी खडूने तारीख लिही. आमचा सरदारही तेच करतो, तारीख आणि सही, खडूनेच. दीडशे वर्षांत एवढं एक बदललं नाही. बाकी तिथली बहुतेक माणसं स्फोटात नव्हे, छताच्या पडझडीत एकेक, दोन-दोन अशी गेली. बातमी होत नाही असे मृत्यू. १८७० पासून पुढे नोंदलेले मृत्यू ३० हजारांच्या वर आहेत.

आता राहिलेली गोष्ट, मालाचे खडे. १८४४ मध्ये माइनर्सव्हिलजवळ गिडियन बास्ट यांच्या खाणीवर जोसेफ बॅटिन यांचं दात्यांच्या रोलरांचं यंत्र बसलं. दोन रोलर समोरासमोर फिरतात, मधून कोळसा फुटतो, गोल फिरत्या चाळण्यांतून आकारानुसार वेगळा होतो. अंड्याएवढा, शेगडीचा, चेस्टनटएवढा, वाटाण्याएवढा अशी त्यांची नावं. याभोवती १०० फुटांच्या वर उंच काळ्या लाकडी इमारती उभ्या राहिल्या. माल वर ओढायचा आणि घसरत घसरत खाली येऊ द्यायचा. यंत्राला कोळसा आणि पाटीचा दगड यांतला फरक कळत नाही. तो कळायला पोरं बसवली. घसरगुंड्यांवर आडव्या फळ्या, त्यांवर आठ ते बारा वर्षांची मुलं, पाय कोळशाच्या प्रवाहात घालून तो हळू करत आणि हातांनी दगड वेचत. हातमोजे नाहीत, कारण बोटांना फरक कळायला हवा. पहिले काही आठवडे बोटं सुजत, फुटत, रक्त येई. घरी आई चरबी चोळे. १८८५ मध्ये कायद्याने ब्रेकरवर १२ आणि खाली १४ ही वयाची अट घातली आणि वय लिहून देणारे आईबाप होतेच. खाणीत शरीर खचलं की म्हातारे याच फळ्यांवर परत येऊन त्या पोरांच्या शेजारी बसत.

वाटाण्याहून बारीक माल सुरुवातीला विकतच नसत, डोंगर करून टाकून देत. पिलर अडकलेले, चुरा फेकलेला, असं धरलं तर जमिनीतला निम्म्याहून कितीतरी कमी कोळसा ग्राहकापर्यंत गेला. त्या टाकलेल्या चुऱ्याचा एक शहाणा उपयोग शेनान्डोआला सुचला. पाण्याबरोबर तो खाली सोडून रिकाम्या खोल्या भरायच्या, म्हणजे वरचं गाव खचत नाही. पुढे झरिया, राणीगंजला आणि आमच्याकडेही काही ठिकाणी वाळू अशीच पाण्याने भरली जाऊ लागली. सँड स्टोइंग म्हणतात ते. आमच्या जाड थरांत, वर गाव किंवा नाला असेल तर त्याशिवाय पिलरला हात लावता येत नाही.

तर चंद्रपूरशी तुलना. त्याच काळात, १८७० च्या दशकात, वरोऱ्याला सरकारी खाण चालू झाली होती आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. खोल्या आणि पिलर तिथेही. पण आपला थर निजलेला, कोळसा मऊ, वर पाणी भरपूर. म्हणून आपल्या माणसाला कधी आपल्याच फोडलेल्या मालावर उभं राहावं लागलं नाही. त्याने टोपलीने तो उचलून टबापर्यंत नेला. कष्ट कुणाचे जास्त, हे मी ठरवणार नाही. आपल्याला आडवं वाहून न्यावं लागलं, त्यांना उभं चढावं लागलं.

मुलांना परत न्यायचं झालं तर यावेळी स्क्रँटन नको, दक्षिणेला लान्सफर्डची नंबर ९ खाण दाखवा. ती १८५५ मध्ये सुरू झाली आणि १९७२ पर्यंत चालली. थर तिथे उभा आहे. आत गेल्यावर गाइडला बॅटरी आणि तिच्या बाजूची चढायची वाट दाखवायला सांगा. जाकीट न्या, उन्हाळ्यातही आत गारठा असतो, आणि छतातून पाणी ठिबकतं.